भीती एकीकडे, धोका दुसरीकडे

भिवंडीसारख्या यंत्रमागांच्या शहरात कष्टकरी घरातील स्त्रीच्या दुखण्याला सहसा नाव मिळत नाही. हातापायांना मुंग्या आल्या तर तो अशक्तपणा, एका डोळ्याने अंधुक दिसू लागले तर चष्म्याचा नंबर, चालताना तोल गेला तर अंगात रक्त कमी, असा निकाल घरातल्या घरात लागतो आणि बहुधा तो बरोबरही ठरतो. तथापि, ऐन उमेदीच्या वयातील काही थोड्या स्त्रियांच्या बाबतीत ही तिन्ही लक्षणे एकाच रोगाची असतात. मल्टिपल स्क्लेरोसिस हे त्या रोगाचे नाव. निदान होईपर्यंत पुष्कळ काळ निघून जातो. ते झाल्यावर घरात पहिला प्रश्न औषधाचा निघत नाही. तो निघतो अपत्याचा. हिला दिवस राहतील काय, राहिले तर गर्भ टिकेल काय, आणि टिकला तर बाळंतपण हिला झेपेल काय?

हे प्रश्न क्षुल्लक नव्हेत. ज्या समाजात सुनेचे घरातील स्थान अद्यापि तिच्या अपत्यावरून ठरते, तेथे या उत्तरांवर एका स्त्रीचा सारा संसार अवलंबून असतो. वैद्यकशास्त्रापाशी या प्रश्नांची बरीचशी स्पष्ट उत्तरे आहेत. दुर्दैव असे की, समाजाची भीती एका जागी आहे आणि खरा धोका दुसऱ्याच जागी. भीती आहे ती गर्भ गळून जाण्याची. धोका आहे तो दिवस राहण्यापूर्वीच्या बेसावधपणात आणि बाळंतपणानंतरच्या तीन महिन्यांत. सरकारची व्यवस्था आणि घरची रीत या दोहोंचेही लक्ष नेमके या दोन जागी नाही.

रोगाचे स्वरूप

मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची मज्जा यांतील तंतूंवर मायलिन नावाचे आवरण असते. विजेच्या तारेवर जसे वेष्टण, तसेच हे. शरीराची जी रोगप्रतिकार यंत्रणा एरवी बाहेरून आलेल्या जंतूंशी लढते, तीच या रोगात या आवरणावर उलटते आणि मेंदूकडून अवयवांकडे जाणाऱ्या संदेशांच्या वाटेत अडथळे उत्पन्न होतात. फ्रेंच वैद्य शार्को यांनी १८६८ मध्ये या रोगाचे सुसूत्र वर्णन केले. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुपटी-तिपटीने अधिक आढळतो आणि बहुधा वीस ते चाळीस या वयात, म्हणजे विवाह आणि अपत्यप्राप्ती यांच्या ऐन काळात, प्रकट होतो. बहुसंख्य रुग्णांत तो आरंभी एकसारखा वाढत नाही. मधूनमधून उचल खातो आणि पुन्हा निवतो.

हा थंड हवेच्या पाश्चात्त्य देशांचा रोग असून आपल्याकडे तो जवळजवळ नाहीच, अशी समजूत दीर्घकाळ होती. युरोप-अमेरिकेच्या मानाने भारतात तो कमी आढळतो, हे खरे. परंतु मुंबईचे विख्यात मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांचे सहकारी यांनी येथील पारशी समाजात तो बऱ्याच प्रमाणात असल्याचे १९९० मध्ये दाखवून दिले. त्याआधी, १९८५ मध्येच, रुग्णांना साहाय्य करणारी मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था स्थापन झालेली होती. एमआरआय यंत्रे जसजशी वाढली तसतसे निदानही वाढले. पूर्वी हा रोग नव्हता असे म्हणण्यापेक्षा तो ओळखला जात नव्हता, असे म्हणणे अधिक रास्त होईल.

गर्भस्रावाविषयीचा समज

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा स्त्रियांना मूल होऊ न देण्याचा सल्ला डॉक्टर मंडळी सर्रास देत. त्या सल्ल्यामागे पुरावा थोडा आणि धास्ती मोठी होती. पुढे निरनिराळ्या देशांत पद्धतशीर पाहण्या झाल्या तेव्हा निराळे चित्र दिसू लागले. या रोगामुळे आपोआप गर्भ गळून जाण्याचा धोका इतर स्त्रियांच्या तुलनेने लक्षणीय वाढत नाही. बाळात जन्मजात व्यंग येण्याचे प्रमाणही वाढत नाही. काही पाहण्यांत बाळाचे वजन किंचित कमी आढळले, इतकेच. आईला हा रोग असता अपत्याला तो होण्याची शक्यता शंभरात दोन ते तीन इतकी सांगितली जाते. म्हणजे शंभरांपैकी सत्त्याण्णव मुले त्यापासून मुक्त राहतात.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. पूर्णपणे निरोगी स्त्रियांतही कळून आलेल्या गर्भधारणांपैकी शंभरात सुमारे दहा ते वीस गर्भ आपोआप गळतात आणि त्यांतील पुष्कळसे गर्भाच्याच गुणसूत्रांतील दोषामुळे. एखाद्या निरोगी सुनेच्या बाबतीत असे घडले तर घर हळहळते आणि पुढच्या खेपेची वाट पाहते. तीच गोष्ट मल्टिपल स्क्लेरोसिस असलेल्या सुनेच्या बाबतीत घडली की सारा दोष तिच्या दुखण्याच्या, आणि ओघाने तिच्या, माथी येतो. आकडे तेच असतात. त्यांचा अर्थ मात्र घराने आधीच ठरविलेला असतो.

या दिलाशाला एक महत्त्वाचा अपवाद आहे. न्यूरोमायलायटिस ऑप्टिका नावाचा एक निराळा रोग मल्टिपल स्क्लेरोसिससारखाच दिसतो. डोळे आणि मज्जारज्जू यांवरच त्याचा मुख्य हल्ला असतो. पूर्वी या दोहोंची गल्लत होत असे. २००४ मध्ये या दुसऱ्या रोगाचे निदर्शक प्रतिपिंड रक्तात सापडले आणि तो वेगळा ओळखता येऊ लागला. त्यात मात्र गर्भस्रावाचा धोका वाढलेला आढळतो. शिवाय मल्टिपल स्क्लेरोसिसची काही औषधे या रोगात अपायकारक ठरतात. तेव्हा ‘गर्भाला धोका नाही’ असे सांगण्यापूर्वी रोग नेमका कोणता, हे रक्ताच्या तपासणीने पक्के करून घेतले पाहिजे. अचूक निदान ही येथे चैनीची बाब नाही.

दिवस राहण्यापूर्वी

पहिला खरा धोका गर्भधारणेच्या आधीच उभा असतो आणि तो रोगापेक्षा औषधांतून येतो. रोगाची उचल आवरणारी जी औषधे आज दिली जातात, त्यांतील काही गर्भाला घातक आहेत. टेरिफ्लुनोमाइड ही गोळी बंद केल्यानंतरही तिचा अंश शरीरात दोन वर्षांपर्यंत राहू शकतो. तो लवकर काढून टाकण्यासाठी स्वतंत्र उपचार करावा लागतो. क्लॅड्रिबिनच्या शेवटच्या मात्रेनंतर किमान सहा महिने दिवस राहू देता येत नाहीत. फिंगोलिमोड निदान दोन महिने आधी थांबवावे लागते. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये गर्भार स्त्रियांसाठी ते निषिद्ध ठरविले. त्याच वर्षी त्याच संस्थेने इंटरफेरॉन-बीटा या जुन्या औषधावरील गर्भारपणातील निषेध मात्र उठविला.

औषध थांबविणे म्हणजे ते एके दिवशी फेकून देणे नव्हे. फिंगोलिमोडसारखे औषध एकाएकी सोडले तर रोग पूर्वीपेक्षाही जोराने उसळू शकतो. कोणते औषध केव्हा सोडावे, मधल्या काळात कोणते द्यावे, दिवस राहण्याचा प्रयत्न केव्हा सुरू करावा, हे सारे आधी आखावे लागते. त्यासाठी डॉक्टरने पहिल्याच भेटीत अपत्याविषयी विचारावयास हवे आणि स्त्रीने ते निःसंकोचपणे सांगावयास हवे. नवरा आणि सासू सोबत बसलेली असता, पाच मिनिटांच्या भेटीत, परक्या भाषेत ही गोष्ट निघणार कशी? भिवंडीत मराठीबरोबर उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारी हजारो घरे आहेत. औषधाच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी नाव त्यांना सारखेच अगम्य आहे.

बाळंतपणानंतरचे तीन महिने

दुसरा धोका बाळंतपणानंतरचा. १९९८ मध्ये युरोपातील १२ देशांतील २५४ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. या विषयातील ती पायाभूत मानली जाते. गर्भधारणेपूर्वी या स्त्रियांत रोगाने उचल खाण्याचे प्रमाण दर शंभर स्त्रियांमागे वर्षाला ७० इतके होते. गर्भारपणाच्या शेवटच्या तिमाहीत ते २० वर उतरले आणि बाळंतपणानंतरच्या पहिल्या तीन महिन्यांत वार्षिक हिशेबाने १२० वर चढले. त्यानंतर ते पुन्हा पूर्वपदावर आले. गर्भाला सांभाळून घेण्यासाठी शरीराची प्रतिकार यंत्रणा या काळात नमते घेते आणि बाळंत होताच ती पूर्ववत होऊ लागते, अशी याची उपपत्ती सांगितली जाते.

या आकड्यांनी गांगरून जाण्याचे कारण नाही. त्या तीन महिन्यांतही शंभरातील ७२ स्त्रियांना रोगाची उचल मुळीच झाली नाही. अलीकडच्या काही पाहण्यांत तर ही उसळी इतकी मोठी आढळलेली नाही. केवळ अंगावर पाजणाऱ्या मातांत ती कमी असल्याचेही काही पाहण्यांत दिसते. गर्भारपणामुळे दीर्घ मुदतीचे अपंगत्व वाढते, असेही सिद्ध झालेले नाही. केवळ या रोगापायी पोट फाडून बाळंतपण करण्याचीही गरज नसते. सारांश, हा काळ भीतीचा नसून पहाऱ्याचा आहे.

परंतु पहारा नेमका याच काळात उठतो. गर्भारपणात प्रकृतीला उतार पडतो, म्हणून घरच्यांना वाटते की बाळाच्या पायगुणाने दुखणे गेले. मेंदूविकारतज्ज्ञाकडील फेऱ्या थांबतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, म्हणून उपचार करणारा डॉक्टर एका गावी आणि बाळंतीण दुसऱ्या गावी, अशी स्थिती होते. मराठी घरांतून बाळंतिणीची विशेष काळजी सव्वा महिना घेतली जाते; मुसलमान घरांतून चाळीस दिवसांचा चिल्ला पाळतात. ही मुदत संपली की ती स्त्री पुन्हा घरकामाला, कांड्या भरण्याला किंवा गोदामातील माल निवडण्याला जुंपली जाते. सरकारी व्यवस्थेचे पंचांगही जवळजवळ हेच आहे. रुग्णालयात बाळंतपण झाल्यास आशा सेविकेने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी भेट द्यावयाची असते. त्यानंतर २०१८ पासून सुरू झालेल्या योजनेतील भेटी तिसऱ्या महिन्यापासून लागतात आणि त्यांचा मुख्य रोख बाळावर असतो. रीत आणि राज्य या दोहोंनीही चाळीस-बेचाळीस दिवसांवर रेघ मारलेली आहे. धोका मात्र नव्वद दिवसांचा आहे. मधल्या सात आठवड्यांत त्या आईचा पाय जड पडला किंवा डोळ्यापुढे धुके आले, तर ते जागरणाच्या खाती जमा होते.

याच संदर्भात शेक-शेगडीचाही विचार करावयास हवा. या रोगात अंगाला उष्णता लागली की अशक्तपणा आणि अंधुकपणा तात्पुरता वाढतो. पत्र्याच्या खोलीत, भिवंडीच्या उन्हाळ्यात, बाजेखाली निखारे ठेवण्याची रीत ममतेची असली तरी अशा बाळंतिणीला ती सोसवणारी नाही. हे त्या घरातील वडीलधाऱ्या बाईला तिच्या भाषेत आणि आदराने कोणी सांगितले, तर ती ऐकणार नाही असे मानण्याचे कारण नाही.

कायदा आहे, पण कोणासाठी?

कायद्याने या प्रश्नाकडे अगदीच पाठ फिरविलेली नाही. अपंगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्याने मान्य केलेल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिसचा समावेश आहे. अपंग स्त्रीचा गर्भपात तिच्या स्पष्ट संमतीवाचून करणे हा त्या कायद्याने, काही अपवाद वगळता, सहा महिने ते पाच वर्षे कैदेचा गुन्हा ठरविला आहे. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी असते. पतीची किंवा सासरची संमती तो कायदा मागत नाही. मूल होऊ द्यावे की नाही हा निर्णय स्त्रीच्या व्यक्तिस्वातंत्र्याचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये नमूद केले. तेव्हा भीतीपोटी तिच्यावर गर्भपात लादणे आणि वंशापोटी तिच्यावर गर्भ लादणे, ही दोन्ही कृत्ये सारखीच गैर होत.

रजेची गोष्ट निराळी. गर्भस्राव झाल्यास सहा आठवड्यांची पगारी रजा देण्याची तरतूद १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात होती आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेने ती कायम ठेवली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांपुरती बाळंतपणाची रजा २६ आठवड्यांची झाली. त्यांतील जास्तीत जास्त आठ आठवडे आधी घेता येतात. म्हणजे बाळंतपणानंतर किमान अठरा उरतात आणि धोक्याचे तीन महिने त्यांत सहज सामावतात. कागदावर याहून चांगली सोय नाही. परंतु ती लागू होते नोकरीची नोंद असलेल्या स्त्रीला. घरी कांड्या भरणारी, तुकड्यांच्या हिशेबाने काम करणारी, किंवा कंत्राटदाराच्या तोंडी बोलावण्यावर गोदामात जाणारी स्त्री कोणाच्याच हजेरीपटावर नसते. तिच्या दृष्टीने रजा म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडणे.

उपचारांचा हिशेबही असाच आहे. राज्य सरकारची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यावयाच्या उपचारांसाठी आहे. या रोगात दाखल होण्याचे दिवस थोडे आणि औषधांचे महिने फार. तज्ज्ञासाठी परळचे केईएम किंवा भायखळ्याचे जेजे गाठावयाचे, तर भिवंडीहून रिक्षाने वा बसने ठाणे किंवा कल्याण, तेथून लोकल, आणि मग रांग. एका तपासणीसाठी रुग्णाचा आणि सोबत येणाऱ्याचा असा दोघांचा दिवस मोडतो. तपासणी मोफत असली तरी ती फुकट नसते, हे अर्थशास्त्राचे साधे तत्त्व येथे रोज प्रत्ययास येते.

थोड्यांसाठी खर्च का?

येथे एक आक्षेप संभवतो. ज्या शहरात क्षय, पंडुरोग आणि कुपोषण यांचे ओझे इतके मोठे आहे, तेथे मूठभर स्त्रियांच्या दुर्मीळ रोगावर पैसा का वेचावा? आक्षेप गैरवाजवी नाही. मर्यादित साधने अधिक लोकांच्या कामी यावीत, हे तत्त्व कोणीही नाकारणार नाही. परंतु त्याच तत्त्वाने पाहिले तरी उत्तर वेगळे येते. बाळंतपणानंतर पहिल्या काही महिन्यांत उचल खाणारे दुखणे हे एकच नाही. संधिवाताचा एक प्रकार गर्भारपणात असाच निवतो आणि नंतर उसळतो. थायरॉइडचे विकार या काळात डोके वर काढतात. बाळंतिणीची मानसिक खिन्नताही याच काळात वाढीस लागते. बेचाळिसाव्या दिवसानंतर आईसाठी दोन भेटी वाढविल्या, साठाव्या आणि नव्वदाव्या दिवशी, तर त्यांचा लाभ या साऱ्यांना होईल. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या निमित्ताने व्यवस्थेतील फट दिसली. ती बुजविण्याचा लाभ पुष्कळांचा आहे. मात्र या भेटींचा भार आशा सेविकांवर विनामोबदला टाकता कामा नये. एका स्त्रीच्या फुकट श्रमावर दुसरीच्या आरोग्याची योजना उभी करणे हा काटकसरीचा मार्ग म्हणता येणार नाही.

बाकीच्या गोष्टी तर जवळजवळ बिनखर्चाच्या आहेत. प्रत्येक गर्भार स्त्रीला मिळणाऱ्या माता व बाल संरक्षण कार्डावर तिचे जुने दुखणे, चालू औषध आणि उपचार करणाऱ्या विभागाचे नाव ठळकपणे लिहिले जावे, म्हणजे ती माहेरी गेली तरी तेथील डॉक्टरला काही सांगता येईल. भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालयातील प्रसूती विभाग आणि मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांतील मेंदूविकार विभाग यांची दूरध्वनीने वा ई-संजीवनीद्वारे ठरलेल्या दिवशी गाठ पडावी, म्हणजे दर खेपेस मुंबईची वारी करावी लागणार नाही. आणि निदान होताच, औषधाच्या पहिल्या चिठ्ठीबरोबरच, मराठी, उर्दू, हिंदी आणि तेलुगू या भाषांत एक पानाचे पत्रक त्या स्त्रीच्या हाती पडावे. त्यात चार गोष्टी असाव्यात: या रोगाने गर्भ गळत नाही, दिवस राहण्यापूर्वी औषधाविषयी विचारा, ते आपल्या मनाने सोडू नका, आणि बाळंतपणानंतर तीन महिने जपा.

माहितीचा अभाव हे दारिद्र्याचेच एक रूप आहे आणि त्याचा भुर्दंड सर्वांत आधी त्या घरातील सर्वांत दुबळ्या माणसाला बसतो. चुकीच्या भीतीने एखादी स्त्री आई होण्याचे नाकारते, किंवा चुकीच्या निर्धास्तपणाने बाळंतपणानंतर अंथरुणाला खिळते. या दोन्ही हानी टाळता येण्याजोग्या आहेत. मूल हवे की नको, हे ठरविणे त्या स्त्रीचे काम. ते ठरविताना तिच्यापुढे खरी माहिती असेल आणि ठरविल्यानंतर नव्वद दिवस तिची विचारपूस होईल, एवढे पाहणे हे घराचे आणि सरकारचे काम आहे. सव्वा महिन्यावर मारलेली रेघ आणखी सात आठवडे पुढे सरकविण्यासाठी फार मोठ्या निधीची आवश्यकता नाही. ती तेथे कोणी आणि का मारली, याचा एकदा नीट विचार होण्याची मात्र आहे.